बिंगोचे पैसे आणि प्रीमियरची खुर्ची

१५ नोव्हेंबर १९९५. कॅनडाच्या पश्चिम टोकाला, व्हिक्टोरिया या ब्रिटिश कोलंबियाच्या राजधानीत प्रीमियर माईक हार्कोर्ट यांनी आपण पद सोडत असल्याचं जाहीर केलं. प्रीमियर म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्री. विधानसभेत त्यांच्या पक्षाला भक्कम बहुमत होतं. त्यांच्यावर कुठलाही गुन्हा दाखल नव्हता, पुढेही कधी झाला नाही. एका डॉलरचाही व्यवहार त्यांच्या नावावर सापडला नाही. ज्या पैशांमुळे ते गेले ते नानाइमो नावाच्या गावात, धर्मादाय बिंगोच्या नावाखाली गोळा झाले होते. त्यांतले बरेचसे व्यवहार तर हार्कोर्ट पक्षाचे नेते होण्याआधीचे.

मग ते का गेले? आणि जायला हवं होतं का?

गेली काही वर्षं मी परदेशातल्या एका मराठी मंडळाचा हिशेब सांभाळतो. गणपतीची वर्गणी, दिवाळीच्या जेवणाची कुपनं, नाटकाची तिकिटं. रक्कम मोठी नसते, पण पावतीपुस्तकातलं एखादं पान कमी भरलं की रात्री झोप लागत नाही. कारण तो पैसा माझा नसतो आणि देणाऱ्याने तो मोजून घेतलेला नसतो. त्याने विश्वासाने दिलेला असतो. त्यामुळे या प्रकरणाची कागदपत्रं आणि बातम्या वाचायला घेतल्यावर मी त्यांत गुंतून गेलो. यात बिंगो आहे, हिशेब आहे, आणि दुसऱ्याच्या हिशेबाची जबाबदारी स्वतःवर घेणारा एक माणूस आहे.

त्या दिवसापर्यंत हार्कोर्ट कोणत्या वाटेने आले ते आधी पाहायला हवं. त्याशिवाय तो निर्णय नुसता भित्रेपणा वाटेल किंवा नुसता मोठेपणा, आणि तो दोन्ही नव्हता.

स्ट्रॅथकोनातला तरुण वकील

हार्कोर्ट यांचा जन्म १९४३ चा, एडमंटनचा. वाढले व्हँकूव्हरमध्ये आणि कायदा शिकले ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात. १९६०च्या दशकाच्या शेवटी ते वकील होऊन बाहेर पडले, तेव्हा व्हँकूव्हर शहरात एक मोठा वाद पेटला होता. शहराच्या मधोमध महामार्ग न्यायचा होता. तो चायनाटाउनमधून जाणार होता आणि त्याला लागून असलेली स्ट्रॅथकोना ही जुनी वस्ती 'नागरी नूतनीकरणा'च्या नावाखाली टप्प्याटप्प्याने पाडली जात होती. पहिल्या दोन टप्प्यांत सुमारे ३,००० माणसं घराबाहेर पडली. बहुतेक चिनी कुटुंबं. या लोकांना मतदानाचा हक्क मिळून तेव्हा जेमतेम वीस वर्षं झाली होती, त्यामुळे नगर परिषदेत त्यांचा आवाज जवळपास नव्हताच.

आजही स्ट्रॅथकोनात फिरलं की लाकडी, उंच जोत्याची, रंगीत दारांची घरं ओळीने दिसतात. पुढच्या अंगणात कुणी भाज्या लावलेल्या, कुणी वेलीला आधार म्हणून जुनी शिडी उभी केलेली. चार गल्ल्या ओलांडल्या की काँक्रीटचे दोन प्रचंड पूल डोक्यावरून जातात, जॉर्जिया आणि डन्समुइर. ते १९७२ मध्ये खुले झाले. त्या महामार्गाचा बांधून झालेला तुकडा एवढाच. त्या पुलांच्या खाली हॉगन्स अ‍ॅली नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती होती, ती गेली. पलीकडची घरं वाचली. एका जागी उभं राहून दोन्हीकडे पाहिलं की गेलेलं आणि राहिलेलं, दोन्ही एकदम दिसतं.

घरं वाचली ती लोक एकत्र आले म्हणून. डिसेंबर १९६८ मध्ये तिथल्या घरमालकांनी आणि भाडेकरूंनी मिळून संघटना काढली. शर्ली चॅनसारख्या तरुण मुली दारोदार गेल्या, इंग्रजी न येणाऱ्या वडीलधाऱ्यांना समजावून सांगितलं, सह्या गोळा केल्या. या लोकांना कायदेशीर सल्ला देणाऱ्यांत हार्कोर्ट होते. गरिबांना रस्त्यावरून थेट आत येऊन सल्ला घेता येईल असं दुकानवजा वकिली कार्यालय त्यांनी त्याच काळात उभं केलं. १९६९ मध्ये संघीय सरकारने पैसा थांबवला आणि यापुढे रहिवाशांना विचारात घेतल्याशिवाय योजना नाही, अशी अट घातली. पाडापाडी थांबली. पुढे त्याच घरांच्या दुरुस्तीसाठी अनुदान आणि कर्जं मिळाली.

हार्कोर्ट यांचं पुढचं सगळं राजकारण या एका अनुभवातून आलेलं आहे, असं माझं मत आहे. भांडणाऱ्या सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवायचं, ज्याला कधी बोलावलं नाही त्याला आधी खुर्ची द्यायची, आणि मार्ग निघेपर्यंत उठायचं नाही.

१९७२ च्या निवडणुकीत ते नगर परिषदेत गेले. त्या वेळी महामार्गविरोधी मंडळींच्या एका नव्या गटाने जुन्या सत्ताधाऱ्यांना हटवलं होतं. त्याच गटातून भारतात जन्मलेले वाहतूकतज्ज्ञ सेट्टी पेंडाकूर हेही निवडून आले, ही आपल्या वाचकांसाठी नोंद. १९८० मध्ये हार्कोर्ट महापौर झाले. सहा वर्षं राहिले. १९८४ मध्ये त्यांच्याविरुद्ध बिल व्हँडर झाम उभे राहिले आणि पडले. हे नाव लक्षात ठेवा, ते परत येणार आहे.

महापौरपदाच्या शेवटच्या वर्षी, १९८६ मध्ये, शहराची शताब्दी आणि 'एक्स्पो ८६' हे जागतिक प्रदर्शन एकत्र आलं. हार्कोर्ट सुरुवातीला एक्स्पोच्या विरोधात होते. होणारच आहे म्हटल्यावर त्यांनी शहराच्या पदरात जितकं पडेल तितकं पाडून घेतलं. पण पर्यटकांसाठी खोल्या हव्यात म्हणून शहराच्या पूर्वेकडच्या स्वस्त हॉटेलांतून वर्षानुवर्षं राहणाऱ्या शेकडो म्हाताऱ्या, एकट्या कामगारांना बाहेर काढलं गेलं. शहराने ते रोखण्यासाठी प्रांताकडे अधिकार मागितले. प्रांताने दिले नाहीत. महापौराच्या हातात किती कमी असतं, हे हार्कोर्ट यांना तिथे कळलं असणार. कारण त्याच वर्षी ते प्रांताच्या विधानसभेसाठी उभे राहिले आणि न्यू डेमोक्रॅटिक पार्टीचे, म्हणजे एनडीपीचे, आमदार झाले. पुढच्याच वर्षी पक्षाचे नेते, तेही बिनविरोध.

फूटपट्टी

१९८६ मध्ये प्रांताचे प्रीमियर झाले ते व्हँडर झाम. तेच, महापौरपदाला पडलेले. सोशल क्रेडिट पक्षाचे. 'फँटसी गार्डन्स' नावाची त्यांच्या मालकीची एक बाग होती, ती त्यांनी पदावर असताना एका परदेशी उद्योगपतीला विकली. त्या व्यवहारात सरकारी पद आणि खासगी धंदा यांची सरमिसळ झाली, असा अहवाल हितसंबंध आयुक्त टेड ह्यूज यांनी दिला, आणि २ एप्रिल १९९१ रोजी व्हँडर झाम यांना जावं लागलं. पुढच्या वर्षी फौजदारी खटल्यातून ते सुटले, पण राजकारण संपलं ते संपलंच.

१९९१ च्या निवडणुकीत हार्कोर्ट यांनी लोकांना काय सांगितलं? सरकार स्वच्छ असेल, खुलं असेल, मित्रांसाठी वेगळा न्याय असणार नाही. १७ ऑक्टोबर १९९१ रोजी एनडीपीला ७५ पैकी ५१ जागा मिळाल्या. सोशल क्रेडिटच्या हाती ७ राहिल्या. जवळपास चाळीस वर्षं प्रांतावर राज्य केलेला पक्ष कोसळला, आणि तो प्रामुख्याने सचोटीच्या प्रश्नावर कोसळला.

हीच या प्रकरणाची किल्ली आहे. ज्या फूटपट्टीने व्हँडर झाम मोजले गेले ती हार्कोर्ट यांनीच लोकांच्या हातात दिली होती. चार वर्षांनी लोकांनी ती त्यांच्याकडे वळवली तेव्हा 'ही पट्टी चुकीची आहे' असं म्हणायची सोय त्यांना उरली नव्हती.

जंगल

मधल्या चार वर्षांबद्दल लिहिण्यासारखं खूप आहे. मी जंगलाबद्दल लिहितो, कारण टेबलाची पद्धत कुठे चालते आणि कुठे कमी पडते ते तिथे दिसतं.

ब्रिटिश कोलंबियात लाकूडतोड हा तेव्हा सर्वांत मोठा धंदा. गावंच्या गावं गिरणीवर जगणारी. दुसरीकडे हजार वर्षांचे देवदार, सॅमन मासे, आणि ज्यांच्याशी कधी करारच झाला नाही ते मूळ रहिवासी. प्रत्येक खोऱ्यासाठी वेगळी लढाई चालू होती. हार्कोर्ट यांनी १९९२ मध्ये स्टीफन ओवेन यांच्या नेतृत्वाखाली एक आयोग नेमला. प्रत्येक विभागात लाकूडतोडे, कंपन्या, पर्यावरणवादी, गावकरी यांना एकत्र बसवून जमिनीचा आराखडा करायचा. प्रांताची १२ टक्के जमीन संरक्षित करायचं उद्दिष्ट ठेवलं. ते मूळच्या दुप्पट होतं. १९९३ मध्ये टाटशेनशिनी नदीचं खोरं उद्यान म्हणून राखलं, सुमारे दहा लाख हेक्टर. १९९४ मध्ये हाइस्ला या मूळ रहिवाशांच्या सोबतीने किटलोपचं खोरं.

पण व्हँकूव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्लेओक्वॉट साउंडचा प्रश्न त्यांनी आयोगाकडे दिलाच नाही. मंत्रिमंडळाने स्वतः निर्णय घेतला आणि एप्रिल १९९३ मध्ये जाहीर केला: सुमारे तिसरा हिस्सा राखायचा, बाकी बऱ्याच भागात तोड चालू. कुणालाच पटलं नाही. त्या उन्हाळ्यात पहाटे लोक केनेडी नदीच्या पुलावर येऊन बसायचे, ट्रक यायचे, पोलीस एकेकाला उचलून न्यायचे. आज्या, विद्यार्थी, शिक्षक. आठशेहून जास्त माणसांना अटक झाली. आणि पुढच्या वर्षी, मार्च १९९४ मध्ये, विधानभवनाच्या हिरवळीवर दुसऱ्या बाजूचे लोक जमले. पिवळ्या फिती लावलेले १५,००० हून अधिक लाकूडतोडे आणि त्यांची कुटुंबं. एकाच सरकारविरुद्ध दोन्ही बाजू.

इथे हार्कोर्ट यांनी माघार घेतली, आणि मला ती त्यांची सर्वांत चांगली गोष्ट वाटते. क्लेओक्वॉटसाठी शास्त्रज्ञांची समिती नेमली, तिच्यात नू-चाह-नुल्थ जमातीच्या वडीलधाऱ्यांना तज्ज्ञ म्हणून घेतलं, जमातीशी १९९४ मध्ये तात्पुरता करार केला, आणि १९९५ मध्ये समितीच्या सगळ्या शिफारशी स्वीकारल्या. जिथे टेबल मांडलं नव्हतं तिथे रान पेटलं. मांडल्यावर हळूहळू शांत झालं.

पण या सगळ्याला वेळ लागतो, आणि तोपर्यंत माणूस कच्चा, कचखाऊ दिसतो. १९९५ च्या सुमाराला वर्तमानपत्रांत त्यांची प्रतिमा तशीच झाली होती. त्यात एका जाहिरात कंपनीला दिलेल्या कंत्राटांवरून वर्षाच्या सुरुवातीलाच गदारोळ झाला होता. बिंगोचं प्रकरण आलं ते अशा थकलेल्या घरात.

बिंगो

बिंगो म्हणजे आपली हौजी. फरक एवढाच की आपल्या तिकिटावर ९० पर्यंतचे आकडे असतात, त्यांच्याकडे ७५. कार्डावर पाच ओळी, पाच रकाने, मधलं घर फुकट. मोठ्या हॉलमध्ये लांबच लांब टेबलं, त्यावर कागदी कार्डांच्या चळती, प्रत्येकीच्या हातात शाईचा जाड ठोकळा. आकडा पुकारला की टप्पकन गोल ठसा. बऱ्याचशा बायका, निवृत्त माणसं, कारखान्यातून सुटून आलेली. दोन-पाच डॉलरचा खेळ, पण रात्रीमागून रात्र चालला की गल्ला मोठा होतो. आणि सगळा रोकडा.

कॅनडात जुगार हा फौजदारी कायद्याचा विषय. १९६९ मध्ये कायदा बदलला आणि प्रांताच्या परवान्याने, धर्मादाय कामासाठी, असे खेळ चालवायला मोकळीक मिळाली. म्हणजे परवाना मिळतो तो अपंगांच्या संस्थेला, मुलांच्या क्लबला, वृद्धांच्या मंडळाला. पण या मंडळींकडे हॉल नसतो, माणसं नसतात. मग कुणी तरी सांगतं, आम्ही सगळं चालवतो, तुम्ही नाव द्या, खर्च वजा जाता उरेल ते तुमचं. किती उरलं हे चालवणाराच सांगतो. जो मोजतो तोच सांगतो की किती मोजलं. आमच्या मंडळात पैसे मोजायला नेहमी दोन माणसं बसतात ती याचसाठी.

नानाइमो हे व्हँकूव्हर बेटावरचं जुनं कोळशाच्या खाणींचं गाव. कामगार चळवळीचं घर. तिथे 'नानाइमो कॉमनवेल्थ होल्डिंग सोसायटी' नावाची संस्था होती. १९५०च्या दशकात पक्षाच्या स्थानिक कार्यकर्त्यांनी चळवळीला हक्काची जागा आणि पैसा असावा म्हणून उभी केलेली. तिचे कर्तेधर्ते डेव्ह स्टुपिच. ते साधे कार्यकर्ते नव्हते. पेशाने चार्टर्ड अकाउंटंट. १९७२ च्या डेव्ह बॅरेट यांच्या एनडीपी सरकारात कृषिमंत्री, शेतजमीन वाचवण्याचा १९७३ चा प्रसिद्ध कायदा त्यांच्याच खात्याचा. नंतर अर्थमंत्री, पुढे संसदेत खासदार. बेटावर एनडीपी म्हणजे स्टुपिच, असा काळ होता. शेती वाचवणारा माणूस आणि हिशेबात पारंगत माणूस एकच, आणि त्याच्याच हाताखाली हा हिशेब बिघडला. हे वाचताना मला फार वाईट वाटलं.

संस्था धर्मादाय संघटनांच्या नावावर बिंगो चालवायची, आणि त्यांच्या वाट्याचा पैसा त्यांच्यापर्यंत पोचण्याआधी वळवला जायचा. कुजबुज बरीच वर्षं होती. पोलिसांनी तपास केला. १९९४ मध्ये संस्थेने न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्यानंतर सरकारने रॉन पार्क्स या, हिशेबातले गैरव्यवहार शोधणाऱ्या लेखापरीक्षकाला सगळी खतावणी उलगडायला बसवलं.

पार्क्स यांचा अहवाल ऑक्टोबर १९९५ मध्ये बाहेर आला. वर्तमानपत्रांनी 'बिंगोगेट' हे नाव आधीच तयार ठेवलं होतं. गरिबांच्या संस्थांचे पैसे खाल्ले, आणि तेही गरिबांच्या पक्षाच्या माणसांनी. याहून वाईट मथळा एनडीपीसाठी असू शकत नव्हता.

एक महिना

अहवाल आणि राजीनामा यांच्यात साधारण एक महिना गेला. त्या महिन्यात हार्कोर्ट यांच्यासमोर काय होतं ते मांडून पाहू.

एक मार्ग सरळ होता: पाय रोवून उभं राहायचं. मी घेतले नाहीत, मी सांगितले नाहीत, संस्था माझ्या आधीच्या पिढीने काढली, लेखापरीक्षकही माझ्याच सरकारने नेमला. यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. पण वार्ताहर रोज एकच विचारत: पक्षात कुणाला कधी कळलं? आणि त्याचं एका वाक्यात उत्तर देता येत नव्हतं, कारण पक्ष म्हणजे हजार माणसं आणि चाळीस वर्षं. खोटं बोलावं तर ते हार्कोर्ट यांच्या स्वभावात नव्हतं, आणि खरं सांगावं तर रोज नवा धागा निघत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ही मूठ तर त्यांनी स्वतःच पार्क्स यांच्याकडून उघडवली होती.

दुसरा मार्ग, पटकन निवडणूक. मुदत १९९६ च्या शरद ऋतूपर्यंत होती. पण त्या हवेत निवडणूक म्हणजे बिंगोवरचं सार्वमत. तिसरा, चौकशी आयोग नेमून वेळ काढणं. चौकशी व्हायला हवीच होती, पण तिच्या सावलीत सरकारचं बाकी काम गोठलं असतं. आणि काम मोठं होतं: जंगलाचे आराखडे अर्धवट, निस्गा या मूळ रहिवासी जमातीशी जमिनीबद्दल चाललेली तहाची बोलणी शेवटाला आलेली. पक्षातही कुजबुज सुरू झाली होती.

आणि टेबलाची पद्धत? इथेच ती संपली. लाकूडतोड्याला काही देता येतं, पर्यावरणवाद्याला काही देता येतं, दोघांकडून काही सोडवून घेता येतं. इथे समोर कोण होतं? ज्या संस्थांचे पैसे गेले त्यांच्याशी तडजोड कसली करणार? अर्धी चोरी मान्य करायची? लोकांना द्यायला त्यांच्याकडे एकच गोष्ट उरली होती.

करून गेला गाव अन् कांदळकराचं नाव, असं आमच्याकडे कोकणात म्हणतात. हार्कोर्ट यांच्या बाबतीत ते शब्दशः खरं झालं. फक्त इथे कांदळकराने नाव नाकारलं नाही. नेता मी आहे, पक्षाचं ओझं माझं, अशी भूमिका घेऊन ते गेले. स्वतःवर ठपका नसताना पक्षावरच्या ठपक्यासाठी जाणं.

माझं मत विचाराल तर जाण्याचा निर्णय बरोबर होता. चूक असेल तर ती आधीची. १९९४ मध्ये संस्थेने गुन्हा कबूल केला त्या दिवशी पक्षाने स्वतः पुढे होऊन लोकांना सगळं सांगायला हवं होतं, संस्थेशी आपलं नातं काय होतं ते, आणि ते तुटलं आहे ते. तो एक पत्रकार परिषदेचा प्रश्न होता. दीड वर्षाने तो खुर्चीचा प्रश्न झाला. सगळ्यांचं ऐकून घेणाऱ्या माणसाला आपल्याच घरातल्या ज्येष्ठाला जाब विचारणं जड गेलं असावं. आपल्या कुठल्याही मंडळात, पतसंस्थेत, देवस्थानात बसलेल्या माणसाला हे जडपण लगेच ओळखू येईल.

पुढे काय झालं

नवा नेता निवडला जाईपर्यंत हार्कोर्ट पदावर राहिले. २२ फेब्रुवारी १९९६ रोजी ग्लेन क्लार्क प्रीमियर झाले. तरुण, तिखट, भांडखोर. हार्कोर्ट यांच्या अगदी उलट. २८ मे १९९६ च्या निवडणुकीत समोर लिबरल पक्षाचे गॉर्डन कॅम्पबेल होते. व्हँकूव्हरच्या महापौरपदी हार्कोर्ट यांच्यानंतर बसलेले तेच. लिबरलांना मतं जास्त पडली, ४१.८ टक्के. एनडीपीला ३९.५. पण जागा एनडीपीला ३९ आणि लिबरलांना ३३. एनडीपी सलग दुसऱ्यांदा सत्तेत आली. हार्कोर्ट गेले नसते तर हे झालं असतं असं मला वाटत नाही. ते स्वतः त्या निवडणुकीला उभे राहिले नाहीत.

स्टुपिच यांनी १९९९ मध्ये फसवणूक आणि बेकायदा सोडत चालवल्याचा गुन्हा कबूल केला. दोन वर्षं नजरकैद झाली. २००६ मध्ये ते वारले.

क्लार्क यांचं काय झालं, तेही सांगायला हवं. मार्च १९९९ मध्ये पोलिसांनी त्यांच्या घराची झडती घेतली. शेजाऱ्याने त्यांच्या घराचा सज्जा दुरुस्त करून दिला होता आणि त्याच शेजाऱ्याचा कॅसिनोच्या परवान्याचा अर्ज सरकारकडे होता. पुन्हा धर्मादाय जुगारच. ऑगस्टमध्ये क्लार्क यांची फौजदारी चौकशी चालू असल्याचं महाधिवक्ता उज्ज्वल दोसांझ यांनी जाहीर केलं आणि क्लार्क गेले. २००२ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. पंजाबातल्या दोसांझ कलाँ गावात जन्मलेले दोसांझ फेब्रुवारी २००० मध्ये प्रीमियर झाले. कॅनडात प्रांताचं हे पद मिळालेले ते पहिले भारतीय वंशाचे. पण २००१ च्या निवडणुकीत पक्षाच्या ७९ पैकी फक्त २ जागा उरल्या. हार्कोर्ट यांच्या जाण्याने विकत घेतलेली मुदत पाच वर्षांची निघाली.

हार्कोर्ट शहरांच्या आणि पर्यावरणाच्या कामाकडे वळले. नोव्हेंबर २००२ मध्ये पेंडर बेटावरच्या घराच्या सज्ज्यावरून ते खाली पडले. मणक्याला मार लागला, पुन्हा चालता येईल याची खात्री नव्हती. महिनोन् महिने व्यायाम करून ते चालू लागले, आणि मणक्याला दुखापत झालेल्यांसाठी काम करू लागले. पंतप्रधान पॉल मार्टिन यांनी नेमलेल्या शहरविषयक समितीचे ते अध्यक्ष होते. २०१४ मध्ये त्यांनी एनडीपीचं सदस्यत्वही संपू दिलं, धोरणं पटेनाशी झाली म्हणून.

एक गोष्ट मी शेवटी ठेवली आहे. १८८७ मध्ये निस्गा जमातीचे प्रमुख उत्तरेकडच्या नास नदीच्या खोऱ्यातून होड्या वल्हवत व्हिक्टोरियाला आले होते, आपल्या जमिनीबद्दल बोलायला. तेव्हाच्या प्रीमियरने त्यांना परत पाठवलं. शंभर वर्षं ते न्यायालयांत आणि कार्यालयांत खेटे घालत राहिले. हार्कोर्ट यांच्या सरकारने त्यांच्यासमोर टेबल मांडलं आणि सोडलं नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये, म्हणजे राजीनामा जाहीर करून झाल्यावर आणि खुर्ची सोडायला जेमतेम आठवडा उरलेला असताना, तत्त्वतः करार झाला. तो अमलात आला ११ मे २००० रोजी. तेव्हा प्रीमियर दोसांझ होते.